शाकाहार आणि शरीरसामर्थ्य



नामदेवरायांच्या नरसीमुळे पावन झालेल्या या हिंगोली जिल्ह्यात अनेक घरांत माळेचे व्रत आहे. काही तरुणांनी तर भूतदयेपोटी दूधही वर्ज्य केले आहे. त्यांतील जे पोलीस-भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करतात, त्यांच्या मातापित्यांना चिंता वाटते की, अशा अन्नावर बळ कोठून येणार? हा प्रश्न रास्त आहे.

प्रौढ मनुष्यास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात; व्यायाम करणाऱ्यास त्याहून अधिक. ज्वारीत लायसिन हे द्रव्य उणे असते, तुरीच्या डाळीत ते विपुल असते. म्हणून भाकरी-वरण ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. आपल्या शेतातील सोयाबीनमध्ये तर शेकडा ३६ ते ४० भाग प्रथिने असतात. मात्र ते नीट शिजवूनच खावे.

परंतु ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. त्याच्या अभावी रक्तक्षय होतो, मज्जातंतूंना इजा पोहोचते. दूध सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घेतलीच पाहिजे. तिने व्रतभंग होतो असे कोणी मानू नये.

तरुणांनी निष्ठेला ज्ञानाची जोड द्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.