दौलताबाद, सिरपूर आणि सरहद्दीपलीकडचा कागद



ग्रंथालयाच्या शताब्दीत ग्रंथांविषयी पुष्कळ बोलले जाते. ते ज्या कागदावर छापले गेले त्याचे नाव सहसा निघत नाही. हैदराबादेत तरी ते निघाले पाहिजे. निजामाचे राज्य आणि इंग्रजी मुलूख हे जकातीच्या दृष्टीने दोन देशच होते. 1802 च्या व्यापारी तहाने मालावर शेकडा 5 जकात ठरली, आणि ती वसूल करणारे करोडगिरीचे नाके सरहद्दीवर दीर्घकाळ उभे होते.

त्याआधी कागदाचा ओघ निजामाच्या मुलखातून पुण्याकडे असे. दौलताबाद व खुलताबाद यांच्या दरम्यानच्या कागजीपुऱ्यात चिंध्या, जुनी पोती, दोरखंड भिजवून, कुटून लगदा करीत. ताव वाळला की त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत. पेशव्यांच्या दप्तरात जुन्नरीच्या जोडीने हा दौलताबादी कागद आढळतो. पालखेड (1728) ते खर्डा (1795) एवढा काळ जे दोन दरबार एकमेकांशी लढले, त्यांतील एकाचे हिशेब बहुतेक काळ दुसऱ्याच्या अमलाखाली असलेल्या गावच्या कागदावर लिहिले जात. त्यात कोणाला काही वावगे वाटल्याचे दिसत नाही!

एकोणिसाव्या शतकात ओघ उलटला. विलायती यंत्राचा कागद मुंबईच्या बंदरात उतरू लागला आणि 1874 मध्ये हैदराबाद लोहमार्गाने जोडले गेल्यावर येथवरची वाटही सोपी झाली. 1885 मध्ये पुण्यात डेक्कन पेपर मिल निघाली. हातकागद टिकाऊ होता, पण भावात हरला. मौज अशी की इंग्लंडजवळही पुरेसा कच्चा माल नव्हता. चिंध्या अपुऱ्या पडल्यावर तेथील गिरण्या स्पेन व अल्जीरियाचे गवत आणवीत. त्या गवताचा उपयोग रूढ करणाऱ्या टॉमस रूटलेज यांनीच 1875 मध्ये बांबूची शिफारस केली. हिंदुस्थानात बांबूच्या कागदाला जकातीचे संरक्षण मिळण्यास मात्र 1925 साल उजाडले.

बांबू तर आदिलाबादच्या रानात अमाप होता. 1938 मध्ये सिरपूर पेपर मिलची स्थापना झाली आणि 1942 मध्ये उत्पादन सुरू झाले. महायुद्धामुळे परदेशी कागदाची आवक आटली होती. गिरणीला याहून अनुकूल वेळ मिळाली नसती. गावाचे नावही पुढे कागजनगर पडले. 1945 मध्ये त्याच काझीपेठ–बल्लारशा लोहमार्गावर, पण वर्धा नदीपलीकडे इंग्रजी मुलखात, बल्लारपूरची कागद कंपनी स्थापन झाली. रान सारखे, बांबू सारखा, दोन्हीकडे मराठी बोलणारी वस्ती. सरहद्द तेवढी मध्ये. 1948 मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले आणि दोन मुलखांचा हा व्यापार एका देशातील दोन गिरण्यांची चढाओढ ठरला. कागजनगरची गिरणी 2014 मध्ये बंद पडली व 2018 मध्ये नव्या मालकांकडे जाऊन पुन्हा सुरू झाली.

ग्रंथपालांना या व्यापाराचा हिशेब कपाटातच दिसतो. राळ व तुरटीची खळ दिलेला गिरणीचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो, घडीवर तुटतो. युद्धकाळातील पुस्तके म्हणूनच हलक्या हाताने उघडावी लागतात. चिंध्यांच्या कागदावरील पोथ्या दोन-दोन शतके टिकल्या आहेत. मात्र त्या कागदाच्या भावात चार आण्यांचे पुस्तक निघाले नसते, आणि वर्गणीवर चालणारी वाचनालयेही उभी राहिली नसती. आज ती ठिसूळ पुस्तके संगणकीय प्रतींत उतरवण्याचे काम चालते, तेव्हा पहिला मान 1940 नंतरच्या दशकातील पुस्तकांना द्यावा. पोथ्या थांबू शकतात.