चुन्याखालील क्रूसचित्रें



आपल्या देवमंदिराच्या या महोत्सवप्रसंगीं इंग्लंडांतील सेंट आल्बन्स येथील प्राचीन कॅथीड्रलाविषयीं चार शब्द आपणांपुढें मांडावे असें योजिलें आहे. ब्रिटनचा पहिला ज्ञात रक्तसाक्षी संत आल्बन याच्या नांवें तें उभें आहे.

रोमन अमदानींत वेरुलामियम नगराबाहेर आल्बनाचा शिरच्छेद झाला. पुढें तें नगर ओस पडलें. त्या परिसरांत चांगला बांधकामाचा दगड दुर्मिळ. म्हणून इ. स. १०७७ मध्यें मठाधिपति पॉल यांनीं नवें मंदिर बांधावयास घेतलें, तेव्हां पूर्वीच्या मठाधिपतींनीं त्याच ओसाड नगरांतून जमवून ठेविलेल्या रुंद, पातळ रोमन विटा त्यांनीं वापरिल्या. जोडीला चकमकीचे दगड व चुना. मधला मनोरा त्याच विटांचा असून आजही उभा आहे. ज्या नगरानें संताचा प्राण घेतला, त्याच्याच विटा संताच्या मंदिरास लागल्या!

अशा कठीण विटेंत नक्षी कोरितां येत नाहीं. म्हणून भिंतींस चुन्याचा गिलावा देऊन त्यावर चित्रें काढिलीं. तेराव्या शतकापासून उत्तरेकडील खांबांवर क्रूसावरील प्रभु येशू व त्याखालीं पवित्र मरियेविषयींचे प्रसंग रंगविले गेले. खांबापाशीं वेदी असे. मिस्सा अर्पिणाऱ्या धर्मगुरूच्या दृष्टीसमोरच तें चित्र राही.

इ. स. १५३९ मध्यें मठ बंद झाला. १५५३ मध्यें गांवकऱ्यांनीं ४०० पौंडांस तें मंदिर विकत घेऊन आपलें पॅरिश चर्च केलें. धर्मक्रांतीच्या त्या काळांत चित्रांवर सफेती चढली. १८६२ मध्यें ती काढितां चित्रें पुनः प्रकट झालीं. झांकण्यासाठीं लाविलेल्या चुन्यानेंच त्यांस सुमारें तीन शतकें राखिलें होतें. आज हें मंदिर अँग्लिकन पंथाकडे आहे. तथापि त्या चित्रांतील भक्ति आपल्या ओळखीचीच आहे.

बंधुभगिनींनो, सणापूर्वीं आपणही मंदिराच्या भिंतींस नवा रंग देतों. जुना थर खरवडण्यापूर्वीं तो जाणत्या माणसास दाखवावा. आपल्या मंदिराचा दगड कोणत्या खाणींतला, चुना कोठें भाजला, गिलावा कोणीं केला, हें वडीलधाऱ्यांस आजच विचारून लिहून ठेवावें. भिंत एकदां खरवडली, वडील एकदां गेले, कीं मग विचारावें कोणास?

संत आल्बना, आम्हांसाठीं विनंति कर.