उणे १९६ अंशांतली झोप

वाडीहून बोलते आहे, तुमची बचत गटाची ताई.

गेल्या महिन्यात आमच्या बैठकीत एक काकू गप्पगप्प होत्या. गटाच्या कर्जावर घेतलेली गाय दुसऱ्यांदा उलटली होती. गाय उलटली की २१ दिवस गेले. चारा, ढेप चालूच. हप्ता कुठून भरायचा? मी विचारलं, "कांडी कोमट पाण्यात धरली होती का?" म्हणाल्या, "नाही बाई, तळहातावरच चोळली." गाय उलटायला कारणं बरीच असतात, पण हे एक कारण आपल्या हातातलं आहे.

रेतकांड्यांच्या भांड्यात द्रव नत्र असतो, उणे १९६ अंशांवर. तिथं सगळंच थांबलेलं असतं. एरवी पेशीतली प्रथिनं सतत थरथरत, वळत काम करतात. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात हान्स फ्राउएनफेल्डर आणि सहकाऱ्यांनी स्नायूतलं मायोग्लोबिन हे प्रथिन अतिथंड केलं. प्रकाशाच्या झोतानं त्याला चिकटलेला वायू सोडवला आणि तो परत कधी चिकटतो, ते प्रकाशावरूनच मोजलं. थंडीत प्रत्येक कणाचा वेग वेगळा निघाला. म्हणजे एकाच प्रथिनाचे कण तंतोतंत सारखे नसतात. फुगडी मध्येच थांबवावी तसा जो तो आपापल्या पवित्र्यात गोठलेला असतो. उणे ७० अंशांच्या आसपास आलं की ती हालचाल मोकळी होऊ लागते.

म्हणून कांडी वर्षानुवर्षं टिकते. पण ती भांड्याबाहेर रेंगाळली, तर वितळण्याआधीच आतले बर्फाचे बारीक कण मोठे होऊन पेशींना इजा करतात. पुन्हा नत्रात बुडवून ती इजा भरून येत नाही.

तेव्हा तीन गोष्टी बघा. कांडी भांड्यातून काढली की लगेच ३५ ते ३७ अंशांच्या पाण्यात गेली का? तिथं निदान अर्धा मिनिट राहिली का? नंतर पुसून, वेळ न घालवता वापरली का? रेतन हा शब्द उच्चारायला लाजू नका. गाय आपली, कर्ज आपलं, मग विचारायचा हक्कही आपलाच.

परवा गाय माजावर आली, तेव्हा काकूंनी थर्मासमध्ये पाणी आणि थर्मामीटर तयार ठेवला होता. गाय गाभण आहे की नाही, ते तपासणीत कळेल. तोवर गटानं त्यांचा हप्ता पुढे ढकलला आहे.