पट्टी सुटल्यानंतर

मित्रहो, आणि आज मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलेल्या आमच्या परिचारिका भगिनींनो,

अध्यक्षाने सुरुवातीला आपण या मानाला पात्र नाही असं म्हणायचं असतं. ते मी म्हटलं असं समजा. पाच मिनिटं वाचतील, आणि आज जेवणाला भरीत आहे.

काल चोपड्याला मुक्काम होता. सकाळी जळगावकडे येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना घड उतरलेल्या केळीच्या बागा लागल्या. घड ट्रकमध्ये गेले, पानं बांधावर पडली. ती पानं पाहिली की मला शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आठवतं. तिथे डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने केळीच्या पानाची पट्टी भाजलेल्या जखमेवर वापरून पाहिली आणि २००३ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. रुग्ण तीस. पान कापडी पट्टीवर चिकटवायचं, गुंडाळी करायची, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायची आणि खोल न गेलेल्या, कातडीचा काही थर शिल्लक असलेल्या जखमेवर बांधायची. पान मेणचट असतं, ते जखमेला धरून बसत नाही. या एका वाक्यात काय सुख आहे ते पुढच्या रांगेला विचारा. चिकटलेली गॉज सलाईनने भिजवत, ओढत, पुन्हा भिजवत सोडवताना वॉर्डातल्या बाकीच्या बायका कानांवर उशी दाबून घेतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

या अभ्यासात पानाची तुलना होती उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्टीशी, आणि तीसुद्धा आपल्याच राज्यातली. परळच्या वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानींनी ती बनवली आणि १९८५ साली तिचा पहिला अहवाल दिला. जखम दोन्हींनी सारखीच जपली. पान मात्र अकरा पटींनी स्वस्त पडलं. पानाच्या या अभ्यासाआधी, १९९१ साली, सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १०४ रुग्णांचे दोन गट करून एकाला मध लावला आणि दुसऱ्याला आपलं नेहमीचं पांढरं मलम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन. मध सरस ठरला. पाच वर्षांनी त्यांनी मध आणि बटाट्याची साल समोरासमोर ठेवली, त्यातही मध पुढे गेला. बटाटा, मध, केळीचं पान! परदेशी पाहुण्यांना सांगितलं तर त्यांना वाटेल की महाराष्ट्राने जळीत रुग्णांसाठी फराळाचंच ताट वाढलंय.

इथे एक खुलासा, कारण बाहेर पत्रकार मंडळी बसली आहेत. उद्या ‘भाजल्यावर केळीचं पान बांधा’ असं छापू नका. शेतातलं पान धूळ आणि जंतू घेऊन येतं. घरी करायचं ते एकच: वीस मिनिटं नळाखाली साधं वाहतं पाणी. बर्फ नको, शाई नको, टूथपेस्ट नको, चुना नको. पेस्टचा थर खरवडून काढण्यातच आमचा पहिला तास जातो.

पुढे मधाच्या या अभ्यासांची जगभरातल्या समीक्षकांनी झाडाझडती घेतली. जखम लवकर भरते हे त्यांना दिसलं, पण एक शंका त्यांनी नोंदवून ठेवली: भाजलेल्या जखमांवरचे मधाचे जवळपास सगळे प्रयोग एकाच केंद्रातले आहेत, ते दुसरीकडे असेच उतरतील का? ही शंका वाचून मी खाली मान घातली. सोलापूरने आपलं काम केलं होतं. ते पुन्हा करून पाहण्याचं काम दुसऱ्यांचं होतं. धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय केव्हापासूनच आहे, जळगावचंही आता २०१८ पासून आहे. चुलीवर, स्टोव्हवर, शेकोटीत, फिट येऊन विस्तवात पडून भाजलेले रुग्ण आपल्याकडे साक्री-शिरपूरपासून यावल-रावेरपर्यंतचे येतात. २०१९ च्या ऑगस्टअखेर शिरपूरजवळ वाघाडीला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तो दिवस इथल्या अनेकांच्या अंगावर अजून काटा आणतो. रुग्ण आपले, पान आपलं, आणि पानाचा अभ्यास शीवचा. आपण ते पान जेवायला वापरलं.

पण माझी खरी तक्रार याहून वेगळी आहे, आणि ती माझ्यापासूनच सुरू होते.

बरीच वर्षं झाली. साक्रीकडची एक बाई, छाती आणि गळा भाजलेला. पाच आठवडे ठेवली, मांडीची कातडी काढून गळ्यावर ग्राफ्ट लावला, तो छान धरला. मी केसपेपरवर लिहिलं, ‘जखम भरली. घरी सोडले.’ अक्षरही चांगलं आलं होतं. आठ महिन्यांनी ती ओपीडीत आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, कारण तिचा चेहराच दिसत नव्हता. हनुवटी छातीला ओढली गेली होती, खालचा ओठ उलटला होता, लाळ टिपायला पदराचं टोक हातात. खाली पाहूनच म्हणाली, “बाई, मनी मान वर होत नही.” मी तिला गळ्याचा पट्टा दिला नव्हता, मानेखाली उशी घेऊ नकोस असं कुणी बजावलं नव्हतं, व्यायाम शिकवला नव्हता. ग्राफ्ट आखडतो हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. माझ्या नोंदवहीत मात्र ती आठ महिने ‘बरी’ होती.

आणि आता सांगा, मघाशी ज्यांची थोरवी गायली ते अभ्यास कुठे थांबतात? जखम किती दिवसांत भरली, जंतू किती दिवसांत गेले, पट्टी काढताना किती दुखलं, खर्च किती. सगळं आवश्यक. पण पट्टी सुटते तिथे तक्ता संपतो, आणि बाईचं दुखणं तिथून पुढे वर्ष-दोन वर्षं चालतं. हाताची पकड, व्रणाची खाज, रात्रीची झोप, आरशाची भीती, नवऱ्याच्या घरी परत घेतात की नाही. सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार केले, प्लुष्टापासून अतिदग्धापर्यंत. भाजून उरलेल्या माणसाचे प्रकार आपण अजून केलेले नाहीत.

पट्टी सुटल्यानंतरच्या या दुखण्यांतलं एक तर खास खानदेशचं आहे. खोल भाजलेल्या, ग्राफ्ट लावलेल्या कातडीला घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी गेलेल्या असतात. डॅलसच्या संशोधकांनी भाजून बऱ्या झालेल्यांना चाळीस अंशांच्या कोरड्या खोलीत सायकल मारायला लावून शरीराचं तापमान कसं चढतं ते मोजलं. खोली तापवायला त्यांना यंत्र लागलं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला नुसतं दार उघडलं तरी पुरे. पाठ आणि दोन्ही हात भाजलेली बाई अशा उन्हात शेतात किती वेळ टिकते? तिला काम कितीला सुरू करायला सांगायचं, ओला पंचा कुठे ठेवायला सांगायचा? आणि व्रण दाबायचा तो घट्ट कपडा दिवसाचे तेवीस तास घालायचा असं पुस्तक सांगतं. पंचेचाळीस अंशांत तो कोण घालतं? माझ्या अनुभवात तो ट्रंकेत जातो. त्याला आपण ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ म्हणतो. सुती कापडाचा, उन्हाळ्यात रात्रीपुरता घालायचा कपडा कितपत काम देतो, हे डॅलसमध्ये कुणी शोधणार नाही.

पैशाची बाजू थोडी सुधारली, हे मान्य. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात धुळे होतं. आज ती महात्मा फुलेंच्या नावाने चालते. भरती आणि ऑपरेशन त्यात होतं. दर पंधरवड्याला फिजिओथेरपीला येताना बुडणारी मजुरी कुठल्या पॅकेजात बसत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांनी मिळून एक वही ठेवू या. भाजलेला प्रत्येक रुग्ण तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. तो येऊ शकला नाही तर आशाताई त्याच्या दारात. परदेशी प्रश्नावल्या वापरा, पण त्यांत बटणं लावता येतात का असं विचारतात; आमच्या बाईच्या पोलक्याला हूक असतात. तिला विचारा: भाकरी थापता येते का, डोक्यावर हंडा ठेवता येतो का, मान वर करून वाळत घातलेलं धुणं काढता येतं का. भाकरी थापताना बोटं उघडलेली राहिली पाहिजेत, मनगट मागे वळलं पाहिजे, तळव्याला ताप सोसला पाहिजे. हाताची याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. आमच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने वॉर्डात परातीत कणीक देऊन सुरुवात केली होती. बायका हसल्या, आणि दुखत असूनही मळत राहिल्या. दाबायला दिलेल्या रबरी चेंडूकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

दुपारच्या सत्रात जखमांवरचे तीन निबंध आहेत. आकडे चांगले आहेत, मी काल रात्री वाचले. निबंध वाचणाऱ्या तिघाही तरुण डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवते: शेवटची स्लाइड झाली की मी माइक मागणार आहे, आणि ती बाई सध्या कुठे आहे, एवढंच विचारणार आहे.