समुद्राचा रंग व त्याची नोंदवही

समुद्राचें पाणी कोठें निळें, तर कोठें हिरवट दिसतें. हा हिरवटपणा बहुधा त्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा असतो. त्यांतील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतें. म्हणून निळ्या व हिरव्या प्रकाशाचें प्रमाण मोजलें कीं वनस्पतींचा अंदाज येतो. ‘निंबस-७’ या अमेरिकन उपग्रहानें १९७८ पासून १९८६ पर्यंत हें काम केलें. भारतानें १९९९ सालीं ‘ओशनसॅट-१’ सोडला.

परंतु हें वाचन सोपें नाहीं. उपग्रहास पोंचणाऱ्या प्रकाशांतील सुमारें ९० टक्के भाग वातावरणाचाच असतो. तो वजा करावा लागतो. शिवाय पश्चिम अरबी समुद्रांत वनस्पतींस बहर येतो तो ऐन मोसमी वाऱ्यांत, आणि तेव्हांच ढग आड येतात.

अल्पकाळच्या नोंदी फसव्या ठरूं शकतात. १९९७ ते २००४ च्या नोंदींवरून या भागांत वनस्पति वाढत असल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. उलट, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांनीं २०१६ सालीं, गणिती प्रतिकृतींची जोड देऊन, पश्चिम हिंदी महासागरांत सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट दाखविली. पाणी वरून तापलें म्हणजे हलका थर झांकणासारखा बसतो व खालचीं पोषकद्रव्यें वर येत नाहींत.

मासळीचें मूळ अन्न तेंच. म्हणून ही नोंद अखंड राहणें अगत्याचें आहे. १९८६ नंतर कित्येक वर्षें ती तुटली. तीं कोरीं पानें आतां कोणासही भरतां येणार नाहींत.