गाणाऱ्याचा संसार
(कोरेगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गाणारा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो राग, घराणी, गुरूंच्या आठवणी यांवर बोलणार, अशी अपेक्षा असते. मी आज पैशांवर बोलणार आहे. एकट्याच्या गळ्यावर किंवा बोटांवर ज्याचं घर चालतं, त्याच्या घरात पैसा येतो कुठून आणि तो मागताना त्याला संकोच का वाटतो, हा माझा विषय आहे. कोरेगावात तो मांडण्याला कारण आहे. आपल्या स्टेशनावरून जी गाडी मिरजेला जाते, त्या मिरजेत या प्रश्नाची उत्तरं शोधणारी माणसं होऊन गेली. त्यांचं गाणं आपण डोक्यावर घेतलं. त्यांच्या हिशेबाची वही मात्र आपण उघडून पाहिली नाही.

विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. वडील कीर्तनकार. एकट्याने उभं राहून रात्र रंगवायची आणि आरतीच्या ताटात पडेल ते आणि देवस्थान देईल ती बिदागी घेऊन पुढच्या गावाला जायचं, हा धंदा त्यांनी घरातच पाहिला होता. लहानपणी दारूकामात डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला राहिले. खाण्यापिण्याची ददात नव्हती. तरी १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. असं सांगतात की एका समारंभाचं आमंत्रण त्यांना आलं, पण त्यांच्या गुरूंना आलं नाही. का, असं विचारल्यावर मिळालेलं उत्तर त्यांना सहन झालं नाही. पोट भरत होतं, पण ज्या पंक्तीला गुरूला पान नाही तिथे शिष्याने जेवायचं कसं?

यापुढची गोष्ट मला फार मोलाची वाटते. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. तोवर शास्त्रोक्त गाणं ऐकायचं तर राजवाड्यात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नाहीतर देवळात. या तिन्ही ठिकाणी गाणाऱ्याला काय द्यायचं हे देणारा ठरवी, आणि तेही गाणं झाल्यावर. तिकिटाने हे उलटं झालं. किंमत आधी ठरली, सगळ्यांना दिसेल अशी ठरली, आणि ती देणारा कोणी मालक उरला नाही. किराणा दुकानदार, शाळामास्तर, कचेरीतला कारकून, ज्याच्याकडे तेवढे पैसे तो आत. गाण्याचं मोल उघडपणे सांगायला धैर्य लागतं. पंचविशीच्या आतबाहेरच्या, डोळ्यांनी अधू असलेल्या एका तरुणाने ते दाखवलं.

त्याच पैशांतून आणि लोकांच्या वर्गणीतून ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उभं राहिलं. पुढे १९०८ साली मुंबईची शाखा निघाली. शिकवणी, स्वरलिपीची पुस्तकं, छापखाना, जलसे, असे मिळकतीचे अनेक झरे त्यांनी काढले. पण मुंबईची इमारत कर्जावर उभी होती. कर्ज फिटलं नाही आणि इमारत सावकारांच्या हाती गेली. १९३१ साली मिरजेतच त्यांचा अंत झाला. यातून कोणी असा अर्थ काढेल की गवयाला व्यवहार कळत नाही. मी तसा काढत नाही. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, ओंकारनाथ ठाकूर हे त्यांचे शिष्य गायले, शिकवलं, शाळा काढल्या आणि ताठ मानेने जगले. विनायकरावांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढलं. आज आपल्या गावातला मुलगा प्रवेशिकेच्या परीक्षेला बसतो तो पलुस्करांनी घातलेल्या वाटेवरून. आणि त्या मुलाला शिकवणाऱ्याची चूल ज्या फीवर पेटते, ती फीसुद्धा त्याच वाटेवरची.

मिरजेतलंच दुसरं नाव अब्दुल करीम खाँसाहेब. त्यांच्या सुरांबद्दल मी काही सांगायला नको. त्यांच्या प्रवासाबद्दल सांगतो. १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत बरं वाटेना म्हणून सिंगपेरुमाळ कोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर उतरले आणि तिथेच फलाटावर त्यांनी देह ठेवला. वय पासष्टीच्या घरात. त्या वयाला आपल्याकडचे नोकरदार घरी पेन्शन घेतात. एवढा मोठा गवई त्या वयातही एका गावाहून दुसऱ्या गावी जात होता. एकट्याने गाणाऱ्याचा गळा थांबला की मिळकत थांबते. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि उरुसात तिथे गायक-वादक येऊन हजेरी लावतात. ती हजेरी सेवा म्हणून असते, तिथे कोणी बिदागी विचारत नाही. विनामोबदला गाण्याला माझी हरकत नाही, हे कळावं म्हणून हे सांगतो. कुठे सेवा करायची हे गाणाऱ्याने ठरवावं. बोलावणाऱ्याने परस्पर ठरवू नये.

खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर मिरजेतच जन्मल्या. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्यांचं नाव घेतात. पुरुषाला जे धैर्य लागलं त्याच्या दुप्पट त्यांना लागलं असणार, कारण गाणाऱ्या बाईच्या पैशाकडे समाज कुठल्या नजरेने पाहत होता हे आपल्याला ठाऊक आहे. साधी साडी, शांत बैठक आणि आधी ठरलेला मोबदला, एवढ्यावर त्यांनी ती नजर बदलायला लावली.

आता आपल्या जवळ येऊ. औंध इथून तासाभराच्या वाटेवर. तिथे पंतप्रतिनिधींच्या दरबारी अंतुबुवा जोशी गवई होते, त्यांच्यामागे चिरंजीव गजाननबुवा. अंतुबुवांनी गुरू शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू केलेला संगीतोत्सव आजही औंधला होतो. तुमच्यापैकी कित्येक जण तिथे रात्र जागवून आले असतील. पण १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि दरबारी गवई ही जागाच राहिली नाही. गजाननबुवा गायक होते, व्हायोलिनवर एकल वादन करत, अनेक गुरूंकडून घेतलेली विद्या त्यांच्याकडे होती. त्यांनी आकाशवाणीची नोकरी धरली आणि शिष्य घडवले. महाराजांचा तनखा गेला त्या जागी सरकारी पगार आला. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा आपल्या भागातल्या कलावंतांना ऑडिशन, श्रेणी आणि चेक या गोष्टी घराजवळ आल्या. चेक लहान असे. पण त्यावर आकडा छापलेला असे आणि तो मागण्यासाठी कोणाच्या दारात ताटकळावं लागत नसे.

आज काय आहे? गणपतीपासून दिवाळी पहाटेपर्यंत तारखा मिळतात, पुढे लग्नसराई आणि गावोगावच्या जत्रा. मृग लागला की वही कोरी. मधल्या महिन्यांत शिकवण्या, दुसऱ्याच्या कार्यक्रमात पेटीची साथ, भजनी मंडळाला चाली बसवून देणं. काही जण परदेशातल्या मराठी मुलांना मोबाइलवर शिकवतात. तिकडच्या संध्याकाळी इकडे पहाटे उठून तंबोरा लावतात. कोरोनाच्या दोन वर्षांत एवढाच आधार अनेकांना उरला होता. म्हातारपणी सरकारचं कलावंत मानधन आहे, आता महिना ५,००० रुपये. त्यात औषधं भागतात. मिरजेहून तंबोरा दुरुस्त करून आणायचा म्हटलं तर त्यातूनच बाजूला काढावं लागतं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मागणी आटल्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि मिरजेचं नाव देशभर केलं. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाद्याला मिळालेला मान वाजवणाऱ्याच्या मोबदल्यापर्यंत पोहोचलेला नाही.

मला खरा त्रास होतो तो कमी पैशांचा नाही. कार्यक्रम ठरतो तेव्हा मंडपवाला इसार घेतल्याशिवाय बांबू उतरवत नाही, साउंडवाला निम्मे पैसे आल्याशिवाय टेम्पो हलवत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. गायकाला मात्र सांगतात, "बुवा, घरचंच कार्य आहे, तुम्हाला नाराज करणार नाही." मग कार्यक्रमानंतर शाल, श्रीफळ आणि बंद पाकीट. एका गावात असं पाकीट माझ्या हातात आलं. तबलजींना त्यातून द्यायचं होतं, गाडीचं भाडं द्यायचं होतं, आणि ते दिल्यावर माझ्यासाठी काही राहिलं नाही. आयोजक वाईट माणसं नव्हती. हारतुऱ्यांवर त्यांनी सढळ हाताने खर्च केला होता. गवयाशी पैशांचं बोलणं म्हणजे त्याचा अपमान, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पलुस्करांना जाऊन नव्वदहून अधिक वर्षं झाली तरी आपण अजून दिवाणखान्यातच बसलो आहोत.

दोष आम्हा कलावंतांकडेही आहे, तो झाकणार नाही. आम्ही आकडा सांगत नाही. नव्या मुलांना रियाज शिकवतो, पण कागदावर दोन ओळींचा करार कसा करायचा, आपल्या ध्वनिमुद्रणावर आपला हक्क काय, हे शिकवत नाही. कॉपीराइट कायद्यात १९९४ आणि २०१२ साली दुरुस्त्या होऊन सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क मान्य झाले आहेत. वाळवे तालुक्यातल्या रेठऱ्याच्या पठ्ठे बापूरावांच्या लावण्या महाराष्ट्रभर गायल्या गेल्या आणि ते १९४५ साली पुण्यात हलाखीत गेले. त्या काळी त्यांच्या हातात कागद नव्हता. आमच्या हातात आहे आणि आम्ही तो वाचत नाही.

म्हणून कोरेगावकरांपुढे एक हिशेब ठेवतो. महिन्यातून एक बैठक, शंभर माणसं, माणशी दोनशे रुपये, म्हणजे वीस हजार. त्यातले दहा हजार मुख्य कलावंताला, तीन-तीन हजार तबला आणि पेटीला, उरलेले चार हजार जागा, ध्वनिव्यवस्था, प्रवास आणि जेवणाला. घेवड्याच्या हंगामात या तालुक्याच्या बाजारात एका सकाळी होणाऱ्या उलाढालीपुढे ही रक्कम काहीच नाही. पावसाळ्यातले तीन महिने आवर्जून धरा, कारण कलावंताची वही तेव्हाच कोरी असते. पैसे वर्षाच्या सुरुवातीला एकदम गोळा करा, म्हणजे दर महिन्याला कोणाच्या मागे लागायला नको. पहिल्या बैठकीला बाहेरचं मोठं नाव आणू नका. रहिमतपूर, वाठार, औंध, सातारा इथे घरोघरी शिकवण्या करणारे चांगले गायक-वादक आहेत, त्यांना बोलवा. आमंत्रणाच्या पत्रातच रक्कम लिहा. साथीदारांची पाकिटं वेगळी करा, प्रत्येकावर त्याचं नाव घाला, आणि तंबोरे जुळायला लागण्याआधी ज्याचं त्याच्या हातात द्या.