खोडता न येणारी ओळ

कवीला खोडायची सवय असते. मी एकेक ओळ दहा वेळा खोडणारा. मध्यंतरी दोन वर्षं तर अशी गेली, की पहिलीच ओळ खोडायची आणि वही मिटायची. त्याच दिवसांत, पंचावन्नाव्या वर्षी, मुलाची घरी पडून असलेली गिटार मी हातात घेतली.

गाण्यांच्या चाली बसल्या. अडलं ते सोलोपाशी. सोलो म्हणजे आपल्याकडची उपज. त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. त्यानं पाचच सूर दिले : सा, कोमल ग, म, प, कोमल नी. मी म्हटलं, "अरे, हा तर धानी!" तो म्हणाला, "काका, आम्ही याला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतो." आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांनी घडवलेल्या ब्लूजमधले कितीतरी सोलो या पाच सुरांवर उभे आहेत.

चौकटही ठरलेली. चार-चार मात्रांचे 12 खंड, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. खाली तीन कॉर्ड फिरत असतात. पहिल्यावर सा, दुसऱ्यावर म, तिसऱ्यावर प, असं येऊन टेकायचं. मी चुकलो की थांबायचो. तो म्हणायचा, "काका, वाजलं ते वाजलं. तार जरा ढकला, मींड घेतल्यासारखी, आणि शेजारच्या सुरावर चला."

मग भीतीपोटी मी एकही मात्रा रिकामी सोडेना. एका संध्याकाळी आतल्या खोलीतून, अंथरुणाला खिळलेली अम्मी म्हणाली, "बेटा, दम तो ले जरा!"

हे ऐकून तो मुलगा हसला. त्यानं बी. बी. किंगची 1965 सालची 'लाइव्ह ॲट द रीगल' ही ध्वनिमुद्रिका ऐकवली. किंग सहसा गाता गाता वाजवत नसत. ओळ गाऊन थांबायचे, मग गिटार उत्तर द्यायची. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा म्हणून थांबतो, लोक तो उचलतात, मग दुसरा येतो. तसंच हे.

आता मी ओळ आधी गुणगुणतो. श्वास संपला की बोटही उचलतो. अजून चुकतोच. परवा वही उघडली. पहिली ओळ फसली होती. ती तशीच राहू दिली, थोडा थांबलो आणि दुसरी लिहिली.